पंधरा डोकी लागतात

ज्याला विद्यापीठात जायचंय त्यानं मातीची भांडी करायला शिकू नये, एवढं शहाणपण हर्मिन्यो तोस्तेला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी आलं. तोवर त्याच्या घरात अकरा ॲशट्रे झाल्या होत्या, आणि घरात सिगारेट कुणीच ओढत नव्हतं.

दोष त्याचा नव्हता. सॅन ब्रास गावातलं दोन वर्षांचं कॉलेज हे नावालाच दोन वर्षांचं. तिथे दोन वर्षं शिकायचं, मग विद्यापीठात ट्रान्सफर घ्यायची आणि उरलेली दोन वर्षं तिथे काढून पदवीधर व्हायचं, अशी ती सोय. हर्मिन्योला पदवी हवी होती संगणकशास्त्राची. दिवसभर दूध संघाच्या कचेरीत नोकरी, म्हणून संध्याकाळी एकेक विषय, असं करत त्यानं सात वर्षं काढली. या सात वर्षांत त्याला चार मार्गदर्शक लाभले. कुठला विषय घेतला तर विद्यापीठ तो मानून घेतं, हे सांगायला कॉलेजनं नेमलेला माणूस म्हणजे मार्गदर्शक. पहिला म्हणाला, कलेचा एक विषय लागतोच, म्हणून मातीकाम. दुसरी म्हणाली, मातीकाम चालत नाही, भाषणकला घ्या. तिसरा म्हणाला, भाषणकला चालते, पण ही नव्हे, ती दुसरी. चौथ्या बाईंनी सगळे कागद पाहिले, चष्मा काढला आणि विचारलं, "एवढं सगळं घ्यायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

"याच खुर्चीनं," हर्मिन्यो म्हणाला.

पण या बाई देवमाणूस निघाल्या. त्यांनी तासभर बोटं मोजून हिशेब जुळवला आणि सांगितलं की आता फक्त एक विषय उरलाय. संगणकाची अंतर्रचना. तेवढा जानेवारीपासूनच्या वसंतसत्रात केलात की ऑगस्टमध्ये तुम्ही विद्यापीठात. हर्मिन्यो बाहेर येऊन गाडीत बसला आणि दहा मिनिटं किल्लीच फिरवली नाही. त्याला मोठ्यानं रडायचं होतं, पण समोर दूध संघाचा टँकरवाला उभा होता, ओळखीचा.

एकोणिसाव्या वर्षी तो याच विद्यापीठात जायला निघाला होता. सामान गाडीत ठेवून झालं होतं. त्याच सकाळी वडील गोठ्यात पडले, आणि दोनशे गाई काही कुणाच्या शिक्षणासाठी थांबत नाहीत. "या हंगामापुरतं," असं म्हणून त्यानं बॅग उतरवली. त्या हंगामाला आता पंचवीस वर्षं झाली. गाई विकल्या, वडील गेले, पोरगी लग्न होऊन दूर गेली, तरी वर्षातून दोनतीनदा तो बायकोला, लुसिलियाला, "समुद्र बघून येऊ," म्हणायचा आणि दोन तास गाडी हाकून विद्यापीठाच्या त्या मोठ्या व्याख्यानगृहासमोर आणून उभी करायचा. समुद्र तिथून दिसतही नव्हता. खिडक्यांतून उतरत जाणाऱ्या बाकांच्या रांगा दिसायच्या, पोरं वह्या उघडून बसलेली दिसायची. लुसिलिया संत्री सोलत बसायची आणि त्याला काही विचारायची नाही. त्याला त्या बाकांवर बसायचं होतं. मोठा पगार नको होता, मोठी खुर्ची नको होती, नुसतं तिथे बसून कुणीतरी शिकवताना ऐकायचं होतं. ही गोष्ट तो कुणाला समजावून सांगू शकला नसता.

असो. नमनाला घडाभर तेल झालं. खरी गोष्ट पुढेच आहे.

डिसेंबरात त्यानं विद्यापीठाचा अर्ज भरला आणि त्यात लिहून दिलं की उरलेला विषय मी वसंतात करतोय. हे लिहून दिल्यावर तो न करणं म्हणजे अर्ज केराच्या टोपलीत. आणि जानेवारीत चौथ्या मार्गदर्शक बाईंचा फोन आला. बातम्या दोन होत्या आणि दोन्ही वाईट.

पहिली अशी, की कॉलेजात विषयागणिक मिळणारी युनिटं शंभराहून जास्त झालेल्यांना नावनोंदणीत शेवटचा नंबर. इथेच मुक्काम ठोकून बसणाऱ्यांना हलवण्यासाठी हा नियम केला होता. हर्मिन्योची युनिटं मातीकाम आणि दोन भाषणकला धरून एकशे अकरा भरली होती. म्हणजे कालपरवा आलेली पोरं आधी आणि हा सोमवारी, अगदी शेवटी.

दुसरी बातमी त्याहून वाईट. या विषयाला आजवर सातच नावं आली होती. शुक्रवारपर्यंत पंधरा डोकी झाली नाहीत, तर वर्ग रद्द. पुन्हा वर्ग निघणार तो दोन वर्षांनी, निघाला तर.

"मग मी काय करू?" हर्मिन्योनं विचारलं.

"पंधरा डोकी आणा," बाई सहज म्हणाल्या. लोक अशा गोष्टी सहज बोलून जातात आणि मग पुढचं ज्याचं त्याला निस्तरावं लागतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर पोर्तुगीज हॉलमध्ये नेहमीप्रमाणे सगळे जेवायला जमले होते. सॅन ब्रासमधली निम्मी घरं समुद्रापलीकडच्या बेटांवरून आलेल्या पोर्तुगीजांची. त्यांची जन्म, मरण, भांडणं आणि समेट, सगळं या हॉलमध्येच उरकतं. हर्मिन्योच्या मनात फक्त पत्त्यांच्या टेबलावर बोलायचं होतं. तिथे बेल्मीरो आणि त्याचे तीन भिडू गेली वीस वर्षं सुएका खेळत होते. बेल्मीरो त्र्याहत्तर वर्षांचा, आयुष्यभर गाईंचे खूर कापलेला माणूस. त्याला भीड कसली ती माहीत नव्हती.

"म्हणजे आम्ही शाळेत जायचं?" बेल्मीरोनं विचारलं.

"नुसतं नाव घालायचं, सेन्योर बेल्मीरो. आणि पहिल्या दिवशी येऊन बसायचं. पहिल्या दिवशी जो येत नाही त्याचं नाव कापतात. तीन आठवड्यांनी मोजणी होते, तोवर बसायचं. मग खुशाल सोडा. फीचं मी बघतो."

"पत्ते आणले तर चालतील?"

"मागच्या बाकावर."

"मग चौघं धर," बेल्मीरो म्हणाला आणि पान टाकलं.

चौघांची सोय झाली. लुसिलिया पाचवी. शेजारच्या तिया, म्हणजे मावशी, देओलिंदा सहाव्या. त्या अठ्ठ्याहत्तरीच्या, विधवा, आणि हर्मिन्योच्या पोरीला त्यांनीच सांभाळलेलं. सातवा लुसिलियाचा भाऊ ओनेझिमो. तो ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा आणि मेहुण्याची टिंगल फुकट करायचा. सात आणि सात चौदा, पंधरावा हर्मिन्यो स्वतः. हिशेब चोख होता. पण हॉलमध्ये एका टेबलाला बोलावलं आणि शेजारच्याला नाही, असं आजवर झालेलं नाही. त्यावरून दोन घरांत अकरा वर्षं बोलणं बंद असल्याचं उदाहरण समोरच बसलं होतं, एक दाराजवळ, एक खिडकीपाशी. जेवण संपेपर्यंत चारी बाजूंनी विचारणा सुरू झाली.

"आम्हाला नाही विचारलंस?"

"आम्ही काय अडाणी आहोत?"

फादर आन्सेल्मोनी तर उभं राहून जाहीरच केलं की एका बांधवाच्या विद्येसाठी मीही नाव देतोय. मग मागे कोण राहतो?

हर्मिन्योचा ऊर भरून आला. इतकी माणसं आपल्यासाठी उठून येतात, याचा त्याला अभिमान वाटला. हे सगळं कुठवर जाणार, याची शंका फक्त लुसिलियाला आली. पण तिनं नुसतं डोकं खाजवलं.

सोमवारी सकाळी आठला कॉलेजच्या ग्रंथालयात सव्वीस माणसं हजर होती. ग्रंथपालाला वाटलं पर्यटकांची बस आली. प्रत्येकाचा आधी कॉलेजचा अर्ज भरायचा, मग त्याला नंबर मिळायचा, मग त्या नंबरावर विषयात नाव घालायचं. संगणकाशी कुणाचंच सूत जुळेना, म्हणून हर्मिन्यो खुर्चीत बसला आणि एकेकाला शेजारी घेऊन अर्ज भरू लागला.

"हायस्कूल कधी संपलं, तिया?"

"संपलं कुठे, सुरूच झालं नाही," तिया देओलिंदा म्हणाल्या. "तिसरीतून काढलं मला. पोरीला कशाला, म्हणून. लिही तिसरी."

बेल्मीरोला 'शिक्षणाचं उद्दिष्ट' विचारलं होतं. पर्याय चार. पदवी, नोकरी, नोकरीत बढती आणि 'अजून ठरलेलं नाही'. त्र्याहत्तर वर्षांच्या बेल्मीरोनं पुष्कळ विचार केला आणि म्हणाला, "अजून ठरलेलं नाही."

लुसिलिया मागे येऊन उभी राहिली. "हर्मिन्यो, आधी स्वतःचं नाव घाल."

"घालतो गं. शेवटी."

"शेवटी का? तुझी वेळ आठलाच सुरू झालीय."

हर्मिन्योनं मान वळवून तिच्याकडे असं पाहिलं, जणू आपली बायको आपल्याच लोकांत वाढलीय की नाही अशी त्याला शंका आली असावी. त्यांच्यात सणाचं जेवण ज्या घरचं असतं, ते घर सगळ्या गावाला वाढतं आणि शेवटच्या पंगतीला बसतं. यजमान आधी ताटावर बसला, असं कुणी कधी ऐकलेलं नाही. ही माणसं आपल्या कामासाठी आलेली. म्हातारी माणसं रांगेत उभी असताना आपण आधी आपलं उरकून घ्यायचं? शिवाय ज्या वर्गाला पंधरा डोकी मिळत नाहीत, तो भरेल कसा?

तो भरला. खोलीत बसायला जागा चोवीस. सात आधीची, त्यात सतरा नवी. सतरावं नाव हर्मिन्योनं स्वतःच्या हातानं घातलं, ओनेझिमोचं, स्पेलिंग दोनदा तपासून. त्यानंतरची नऊ माणसं वेटिंग लिस्टवर गेली, तेव्हा त्याचं बोट जरा थबकलं. पण लोक मागून म्हणाले, "अरे आमचंही घाल ना, इतक्या लांब आलोय," आणि त्यानं घातलं. मग त्यानं स्वतःचा नंबर टाकला. पडद्यावर उत्तर आलं, वेटिंग लिस्ट, क्रमांक दहा.

सगळी रांग पडद्याभोवती जमली.

"दहावा म्हणजे चांगलं की वाईट?" तिया देओलिंदांनी विचारलं.

"सात वर्षं झाली याला या कॉलेजात," ओनेझिमो म्हणाला, "आणि प्रवेश मला. पहिल्याच फटक्यात. आता मला डॉक्टरसाहेब म्हणत जा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण माणूस हातपाय हलवतोच. वर्ग पुढच्या मंगळवारी सुरू व्हायचा होता. मधल्या आठ दिवसांत वेटिंगवरच्या नऊ जणांनी आणि आतल्या एकानं नाव काढून घेतलं पाहिजे, एवढंच काम. हर्मिन्योला वाटलं, नाव घालायला जी माणसं एका शब्दावर आली, ती काढायला अर्ध्या शब्दावर येतील. माणसांचा अंदाज त्याला कधीच आला नाही, एरवी चार मार्गदर्शक झाले नसते.

तो आधी बेल्मीरोकडे गेला. बेल्मीरोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. "पंधरा लागतात म्हणालास ना तू?"

"हो, पण आता चोवीस आहेत."

"आज चोवीस आहेत. उद्या लोक गळायला लागले म्हणजे? माझ्यामुळे तुझा वर्ग बुडाला असं नको. मी तुझ्यासाठी नाव दिलंय, मी हलणार नाही. तू निश्चिंत राहा."

"सेन्योर बेल्मीरो, पण मीच वर्गात नाही."

"ते तुझं तू बघ. आम्ही आमचा शब्द पाळतो."

फादर आन्सेल्मोनी सगळ्या हॉलसमोर जाहीर करून टाकलं होतं, आता मागे फिरले तर पुढच्या प्रवचनाला विषय काय घेणार? चौकातल्या न्हाव्यानं नव्या वहीवर नाव घातलं होतं. खिडकीपाशी बसणारं घर म्हणालं, दाराजवळच्यांनी आधी काढावं. दाराजवळचे म्हणाले, आधी ते. ओनेझिमोकडे हर्मिन्यो गेलाच नाही, मानी माणसानं काही घरं टाळायचीच असतात. जो तो त्याची पाठ थोपटून, "तुझ्यासाठी बसलोय बाबा," असं सांगायचा आणि खुर्ची सोडायचा नाही. उपकारानं माणूस इतका गुदमरतो, हे त्याला माहीत नव्हतं. भीक नको पण कुत्रा आवर, असं त्याला दर दारात म्हणावंसं वाटलं आणि दर दारात तो कॉफी पिऊन परतला.

राहिली लुसिलिया. तिचं तर काय, घरचीच. नावं घातली त्या सोमवारीच त्यानं जाता जाता म्हटलं, "तुझं काढून टाकशील ना?"

"बघू," लुसिलिया म्हणाली.

बुधवारी पुन्हा विचारलं. "बघू, पहिल्या दिवशी." शुक्रवारी तिनं भांडी जरा जोरात ठेवली. हर्मिन्योनं ताडलं की आपण तिचं ऐकलं नाही म्हणून राग आहे, आणि बायकोचा राग ओसरेपर्यंत वाट पाहायची असते, एवढा अनुभव त्याला होता. तसंही काढलं तर ती जागा वेटिंगवरच्या पहिल्याला जाणार होती, दहाव्याला नव्हे. म्हणून त्यानं विषय वाढवला नाही.

मंगळवारी सहाच्या आत सगळे वर्गात. नऊ वेटिंगवाले मात्र आलेच नाहीत. खुर्ची नाही म्हटल्यावर त्यांनी हॉलमध्ये पत्ते मांडले होते आणि पहिल्याच दिवशी गैरहजर म्हणून त्यांची नावं यादीतून गेली. त्यामुळे भिंतीला टेकून उभा राहिलेला हर्मिन्यो आता पहिल्या क्रमांकावर होता. त्याला फक्त एक खुर्ची हवी होती. समोर चोवीस होत्या आणि चोवीस भरलेल्या होत्या. पुढे सात तरुण पोरं, मागे सॅन ब्रास. तिया देओलिंदांनी चर्चला जायचा स्वेटर घातला होता. न्हाव्याच्या बायकोनं गोड पाव भाजून पाठवला होता आणि त्याचे तुकडे पोरांपर्यंत पोचले होते.

शिकवायला शमिरान मॅडम होत्या. बारीक चणीच्या, पन्नाशीच्या. दारात पाऊल टाकलं आणि त्या थबकल्या. खोली चुकली की काय म्हणून त्यांनी दारावरचा नंबर वाचला. "अकरा वर्षं मी हा विषय शिकवतेय," त्या म्हणाल्या, "पंधरावा मिळवण्यासाठी मी माझ्या भाच्याला बसवलंय. खोली भरलेली मी कधी पाहिली नाही." त्यांचा आवाज थोडा ओला झाला, आणि हर्मिन्योची अडचण सांगायची हिंमत त्या खोलीत कुणालाच झाली नाही.

हजेरी झाली. तिया देओलिंदा नाव घेताच उठून उभ्या राहिल्या, बेटावरच्या शाळेत राहायच्या तशा, आणि मॅडमनी "बसा" म्हणेपर्यंत बसल्या नाहीत. मग मॅडमनी फळ्यावर तीन दिवे काढले. "प्रत्येक दिवा एक तर लागलेला असेल, नाहीतर विझलेला. तर तीन दिव्यांनी किती वेगवेगळे निरोप देता येतील?"

पोरं बोटं मोजू लागली. हर्मिन्योला उत्तर येत होतं, पण भिंतीला उभ्या माणसानं बोलावं की नाही, हे ठरेना.

"आठ," मागून आवाज आला.

लुसिलिया होती. सगळे वळून बघायला लागले तशी ती लाल झाली.

"कसे?" मॅडमनी विचारलं.

"दोन दिव्यांचे चार होतात. तिसरा विझलेला असताना ते चार, आणि तिसरा लावला की तेच चार परत. म्हणजे दरवेळी एक दिवा वाढला की दुप्पट." आणि मग तिनं स्वतःहून विचारलं, "म्हणजे दहा दिवे असले तर हजाराच्या वर जाईल ना?"

"हजार चोवीस," शमिरान मॅडम म्हणाल्या. "नाव काय तुमचं?"

लुसिलियानं नाव सांगितलं. वीस वर्षं ती शाळेच्या भोजनघरात चारशे पोरांना जेवण वाढत होती. तिचं नाव कुणी असं विचारलं नव्हतं.

मधल्या सुट्टीआधी मॅडमनी सांगितलं, आजच यादी पक्की करायची आहे, खोलीत चोवीसच्या वर माणूस बसवायला अग्निशमन खात्याची परवानगी नाही. कुणी सोडणार असेल तर आत्ता सांगा, भिंतीपाशी एक गृहस्थ उभे आहेत. बेल्मीरोनं छताकडे पाहिलं. फादर आन्सेल्मोनी डोळे मिटून घेतले. प्रार्थना करत असावेत. मग तिया देओलिंदांचा हात हळूहळू वर गेला.

"मी उठते. मला काय, अठ्ठ्याहत्तर झाली. याचं आयुष्य आहे अजून."

बोलताना त्यांचा दुसरा हात वहीवर होता आणि त्यांनी पहिलं पान पूर्ण भरलं होतं, तीन दिवे, विझलेले आणि लागलेले, आठही वेळा काढून. हर्मिन्योनं ते पाहिलं. तिसरीतून काढलेली ही बाई सत्तर वर्षांनी पुन्हा वर्गात बसलेली. तिला उठवून आपण तिच्या खुर्चीत बसायचं, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

"नाही तिया, तुम्ही बसा," तो म्हणाला. त्याचं सगळं आयुष्य त्या एका खुर्चीसाठी अडलं होतं आणि तरी तो हे बोलला, याचं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

"माझी द्या त्याला," लुसिलिया म्हणाली.

तिनं वही मिटली, पेन पर्समध्ये टाकलं आणि उठली. "मी तशी पंधराव्यासाठीच आले होते," असं तिनं मॅडमना सांगितलं. जाता जाता हर्मिन्योच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बस आता. किती उभा राहशील."

हर्मिन्यो बसला. खुर्ची अजून गरम होती. त्याला त्या क्षणी फक्त आनंद झाला, दुसरं काही नाही, आणि हे खरंच सांगितलं पाहिजे. दार ओढून घेताना लुसिलिया वळून फळ्याकडे बघत होती, हे खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं, एक त्यानं सोडून.

पुढचं सगळं सरळ झालं, म्हणजे त्याच्या मानानं सरळ. तिसऱ्या आठवड्यात मोजणी झाली आणि दुसऱ्या दिवशी सुएकाचे चारही भिडू पत्ते घेऊन हॉलवर परतले. फादरना चर्चच्या उपासकाळाचं काम निघालं. ओनेझिमो एप्रिलपर्यंत टिकला. घटक चाचणीत त्याला शंभरात नऊ मिळाले, तेव्हा म्हणाला, "धंद्याचं नुकसान होतंय." तिया देओलिंदा शेवटपर्यंत राहिल्या, आणि शेवटी नापास झाल्या, अगदी खुशीत. परीक्षेच्या दिवशी त्यांनी स्वेटर इस्त्री करून घातला होता.

तियांना गाडी येत नव्हती, म्हणून मंगळवार-गुरुवार त्यांना नेणं-आणणं लुसिलियाकडे आलं. हर्मिन्यो दूध संघातून परस्पर यायचा. ती दोन तास बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहायची, मांडीवर विणकाम घेऊन. खोलीतला हीटर नेहमी जास्तच तापायचा, त्यामुळे दार अर्धं उघडंच असायचं. "घरी जाऊन येत जा ना," हर्मिन्यो म्हणायचा. "पेट्रोल कशाला जाळायचं," ती म्हणायची. सबंध वसंतात त्या सुयांवर एक मोजा पुरा झाला नाही. पण हर्मिन्यो मोजे कशाला मोजतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर ऊन मी म्हणत असताना, विद्यापीठाचं पत्र आलं. सगळे विषय मान्य. प्रवेश पक्का. ऑगस्टच्या अठ्ठावीस तारखेला हजर राहावे. हर्मिन्योनं ते टपालपेटीपाशीच उभं राहून वाचलं, मग घरात येऊन पुन्हा वाचलं. आठवड्यातले तीन दिवस तिकडे राहायची खोली त्यानं आधीच बघून ठेवली होती. पंचवीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, तो आला की आपण काय करू, हे त्यानं शेकडो वेळा मनात रंगवलं होतं, आणि आता त्याला उभ्या उभ्या काहीच सुचेना.

लुसिलिया ओट्यापाशी खरबूज कापत होती. तिनं हात पुसले, पत्र घेतलं, वाचलं. तिचे डोळे भरून आले.

"झालं एकदाचं," ती म्हणाली. "आता व्याख्यानगृह आतूनच बघ."

"तू नसतीस तर झालं नसतं."

"ते असू दे." तिनं पत्र घडी करून त्याच्यासमोर ठेवलं आणि खरबुजाच्या फोडी उगाच सारख्या करत राहिली. मग मागे न वळताच म्हणाली, "एक विचारू? हसशील."

"विचार."

"चौथ्या आठवड्यात, गुरुवारी. मॅडम सांगत होत्या की यंत्राकडे शून्य आणि एक सोडून दुसरं काहीच नसतं. मग त्यांनी विचारलं की वजाची खूण काढायला जागाच नाही, तर वजा संख्या ठेवायची कुठे? एवढं ऐकलं मी. तेवढ्यात दार कुणीतरी लावलं. त्यानंतरचं मला जुळलंच नाही. पुढच्या मंगळवारी त्या तेच धरून पुढे गेल्या आणि मग माझं सुटत गेलं ते सुटतच गेलं. काय सांगितलं होतं त्या दिवशी?"

हर्मिन्योला तो गुरुवार आठवला. व्हरांड्यात कुणीतरी खुर्च्यांचा गाडा ओढत होतं, आवाजानं लक्ष लागत नव्हतं. दाराजवळ तोच बसला होता. उठून त्यानंच ते लावलं होतं, आणि लावताना बाकाकडे पाहिलंही नव्हतं.

पंचवीस वर्षं त्याला वाटत होतं की या घरात तहानलेला माणूस एकच आहे. व्याख्यानगृहासमोरच्या त्या गाडीत संत्री सोलत बसलेली बाई कुठे बघत होती, हे त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारायला त्याला तोंड नव्हतं.

"मला आधी का नाही सांगितलंस?" एवढंच तो म्हणाला.

"तुझं व्हायचं होतं ना," लुसिलिया म्हणाली. "दोघांची एका वेळी कशी होणार."

पत्र टेबलावरच राहिलं. हर्मिन्यो आत जाऊन वसंतातली वही घेऊन आला, चौथ्या आठवड्याचं पान काढलं आणि शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली.

"हळू सांग," ती बसत म्हणाली. "आणि पहिल्यापासून."

"पाच घेऊ," तो म्हणाला. "आधी शून्य आणि एक वापरून पाच लिहायचा. मग सगळी शून्यं एक करायची, सगळे एक शून्य करायचे."

"म्हणजे सगळंच उलटं?"

"सगळंच. आणि मग त्यात एक मिळवायचा. झाला वजा पाच."

लुसिलियानं त्याच्या हातून पेन घेतलं आणि स्वतः करून पाहू लागली.